देवाजीचा फितूर गाल

देवाजी आपल्याच गालावर भयंकर चिडला होता. गालात कॅन्सरची गाठ निघाली, चंद्रपूरच्या दवाखान्यात मशीनचा शेक, म्हणजे रेडिएशन, सुरू झाला, इथवर त्याने निमूट सोसले. पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गाठ एकटी नसते. भोवतालचं मांसच तिला पोसतं, शेकापासून वाचवतं. त्यात तंबाखू चालू ठेवलीत, तर शेक नीट लागणार नाही. मग माझ्याही हातात काही राहणार नाही."

"माह्याच घरचा भात खाते अन् त्या गाठीलेच लपवते?" घरी आल्यावर देवाजीने आरशात गालाला झापले. त्याच्या बायकोने, मनकर्णाने, त्याच दिवशी घरातून खर्रा हद्दपार केला.

पण त्यांच्या गावात, आरमोरीत, आजाऱ्याला भेटायला कोणी हात हलवत जात नाही. आणि तंबाखू-सुपारी घोटलेल्या खर्र्याहून मोठा आपलेपणा इथे कोणाला ठाऊक आहे? शेजारचा लच्छू खर्र्याची प्लास्टिकची पन्नी घेऊनच आला.

"खाजो नको भाऊ, निसता वास घे."

मागोमाग दुसरा शेजारी, भैयाजी. "सुपारीच जास्त हाये, तंबाखू नावाले."

माणूस जगावा असे वाटत होते की नव्हते यांना? मनकर्णा संतापली. दारातच खिसे तपासून पन्न्या जप्त करू लागली. सख्ख्या दिरालाही, रामाजीलाही, तिने सोडले नाही.

"चोर समजली का वो, वहिनी?"

"चोर परवडला! तो घिऊन जाते, तुमी आनून देऊन राह्यले!"

गाव रुसले. येणे-जाणे बंद झाले. तरीही पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंना देवाजीच्या दातांत सुपारी सापडलीच.

"कोनं देल्ला?" मनकर्णा कडाडली. "लच्छूनं का?"

"कोनी नाई. तांदळाच्या कोठीत होता. तूच ठिवला."

"घोटलेला खर्रा कसा फेकाव?" मनकर्णाचा आवाज उतरला.

डॉक्टरीणबाई तिच्याकडे रोखून पाहत होत्या. "बाई, तुमच्या गालात काय आहे?"

मनकर्णाने पदर तोंडाला लावला. मग तिचे डोळे भरून आले. "याच्या चिंतेनं खाल्ला जी. झोप येत नाई मले."

"पाहा डाक्टरीनबाई," देवाजी उसळला, "भोवतालचं मांस सापडलं!"

कोणी हसले नाही. बायकोच्या फुगलेल्या गालाकडे पाहता पाहता देवाजीचाच चेहरा उतरला. "थुक आंधी," तो हळूच म्हणाला. "घरात एक गाठ पुरे हाये."

ती बाहेर जाऊन थुंकून आली, तेव्हा टेबलावर खर्र्याची एक पन्नी पडली होती आणि देवाजी खाली मान घालून बसला होता. गावभरचे खिसे तपासले, पण नवऱ्याचा खिसा तपासायचे मनकर्णाला सुचलेच नव्हते.