मर्यादवेल

आमच्या बेव्हर्ली पार्क सोसायटीतले पाटणकर काका होडीतून उतरताना चपला हातात घेतात आणि समोरच्या रिकाम्या वाळूला विचारतात, "येऊ का?"

उत्तन गावच्या आग्नेल अंकलच्या होडीतून काका आणि मी दर रविवारी समोरच्या बेटावर जातो. अंकल दर वेळी सांगतात, "अवो काका, तिथं कोन बी न्हाय." काकांचं उत्तर ठरलेलं, "तुम्हाला दिसत नाही, एवढंच."

ते बेट म्हणजे किनाऱ्यासमोर आडवी पडलेली वाळूची लांब पट्टी. घर नाही, विजेचा खांब नाही. तिथल्या खेकड्यांना काका 'मेंबर' म्हणतात. मी सोसायटीचा सेक्रेटरी, तर मला पहिल्याच दिवशी दटावलं, "सेक्रेटरी, हळू चाला. मेंबर झोपलेत." वाळूवर जांभळ्या फुलांची मर्यादवेल पसरलेली असते. "हिनं वाळू धरलीय, वाळू लाटा अडवते, म्हणून मागचं गाव जागेवर आहे," हे तर मला पाठ झालंय.

एका शनिवारी काकांना न सांगता मी ऑफिसच्या पाच जणांना दुसऱ्याच होडीने तिथे नेलं. क्रिकेट खेळायचं होतं. पिचसाठी आम्ही वेल उपटली. एक छोटा पक्षी पंख मोडल्यासारखा आमच्यापुढे फरफटत होता. आम्ही हसत त्याचा व्हिडिओ काढला. तो आम्हाला अंड्यांपासून लांब नेऊ बघत होता, हे माझ्या बुटाखाली काहीतरी फुटलं तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. न जायला कारण सुचलं नाही. उपटलेली वेल बघून काका वाळूत बसलेच.

"बाहेरचं कोणीतरी येऊन गेलं," ते म्हणाले.

मी मान डोलावली. मग दोन तास ते वेलीचा एकेक तुकडा पुन्हा पुरत होते, मी बाटलीतलं पाणी घालत होतो. "तू आहेस म्हणून होतंय रे," असं ते दोनदा म्हणाले. तेव्हा ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

परतताना होडीत राहवलं नाही. "काका, ते आम्हीच होतो. अंडी माझ्याच पायाखाली गेली."

काका आता माझं तोंड बघणार नाहीत, असं मी धरूनच चाललो होतो.

"घरी एकटाच असतो मी," ते म्हणाले. "आठवडाभराचं बोलणं रविवारसाठी साठवून ठेवतो." आणि मग फार हळू विचारलं, "पुढच्या रविवारी येशील ना?"

मी हो म्हणालो. त्यांच्याकडे बघायचं धाडस मात्र झालं नाही.