काटे काढून वाफेवर

घड्याळजींचे रक्त तपासणारी व्यक्ती ही त्यांची पत्नीच असल्यामुळे अहवालातील कोणताही आकडा झाकून ठेवण्याची सोय त्यांना उरलेली नव्हती. बाई रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत नोकरीस होत्या. त्या सायंकाळी त्या घरी आल्या, पर्स खुंटीस अडकवली आणि तळलेल्या माशाच्या पुढच्या तुकडीकडे निघालेला पतीचा हात त्यांनी वरच्यावर धरला.

"तुमचं रक्त बघितलं आज. नळीत चरबी तरंगत होती, सायीसारखी."

"लग्नाला इतकी वर्षं झाली, पण एवढं खोलवर कधी बघितलं नव्हतंस."

"थट्टा पुरे. आजपासून तळण बंद. आणि न तळलेला मासा काही तुमच्या घशाखाली उतरायचा नाही. म्हणजे मासाच बंद."

येथे वाचकांच्या ध्यानात यावे म्हणून सांगणे प्राप्त आहे की, घड्याळजींना तंबाखू, पत्ते, नाटक यांपैकी कशाचाही षोक नव्हता. दिवसभर डोळ्यात भिंग अडकवून दुसऱ्यांच्या वेळा नीट करावयाच्या आणि घरी येऊन मासा खावयाचा, इतकाच त्यांचा संसारातील वाटा होता. तो काढून घेतल्यास मागे केवळ घड्याळेच उरणार होती. म्हणून त्यांनी धीर एकवटून विचारले, "वाफेवर केला तर?"

"वाफेवरचा मासा आमच्याकडे पेशंटला देतात. तो खाल्ला की बरं वाटायच्या आधीच घरी सोडा म्हणतात."

"चवदार करून दाखवतो. रविवारी. तू हातसुद्धा लावू नकोस."

बाईंनी क्षणभर पतीकडे पाहिले. "करा. तेल चमचाभर, त्याच्या वर थेंब नाही. मला खाववला, तर मासा राहील या घरात. नाही खाववला, तर परत नाव काढायचं नाही."

आरोग्य आणि चव ही उभयता एकाच ताटात नांदू शकतात किंवा कसे, या प्रश्नाचा निकाल अशा रीतीने रविवारवर येऊन ठेपला.

रविवारी बाईंची अर्ध्या दिवसाची पाळी होती. घड्याळजींनी सकाळीच बाजारातून ऐटबाज मासा आणला. बाईंचे थोरले बंधू एका कारखान्याच्या कँटीनमध्ये मुख्य आचारी होते. घसा बसलेला असूनही "ऐन वेळी फोन करून सांगतो सगळं," असे आश्वासन त्यांनी दिले होते. त्या भरवशावर घड्याळजींनी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरले आणि कामास प्रारंभ केला.

कोणतेही काम मुळापासून करावयाचे, हा त्यांचा बाणा होता. मासा खाताना बाईंच्या घशात एकदा काटा अडकला होता आणि तेव्हापासून त्या प्रत्येक घास संशयाने चावीत असत. अशा मनःस्थितीत चवीकडे लक्ष जाणार कसे? सबब त्यांनी डोळ्यात भिंग लावले, दुकानातील बारीक चिमटा उकळत्या पाण्यातून काढला आणि माशाचे काटे एकामागून एक उपटून कागदावर लहानमोठ्या क्रमाने मांडावयास सुरुवात केली. जो भाग काढला तो रांगेत ठेवावा, ही सवय हाताला जडलेली होती. हे पुन्हा जोडावयाचे नाहीत, याचे भान त्यांना बऱ्याच वेळाने आले.

तोच फोन वाजला. हात बरबटलेले, एक डोळा भिंगामागे. त्यांनी कोपराने स्पीकर सुरू केला.

"मी बोलतोय," पलीकडून बसलेला आवाज आला.

आपल्याकडे जवळचा माणूस फोनवर नाव सांगत नाही आणि आपणही विचारीत नाही, कारण विचारले तर त्यास राग येतो. घड्याळजींनी बसलेला आवाज ओळखला आणि म्हटले, "बोला दादा. तुमचीच वाट बघत होतो."

वस्तुतः पलीकडे मेहुणे नव्हते. ते एक निवृत्त मुख्याध्यापक होते आणि त्यांना पडसे झालेले होते. त्यांच्या दिवंगत सासूबाईंचे लंबकाचे जुने घड्याळ, ज्याची लाकडी पेटी माथ्यावर कोरीव मुकुट धारण करीत होती, ते घड्याळजींकडे दुरुस्तीस आलेले होते. ते बिघडवून आणल्यास पत्नी आपणास घरात घेणार नाही, अशी मुख्याध्यापकांची रास्त समजूत होती.

"कुठवर आलंय काम?"

"पोट उघडून साफ केलं. आता काटे काढतोय."

"काटे कशाला काढताय? काटे चांगले होते की."

"ठेवले तर घोटाळा होतो. सगळेच काढून टाकतो."

"सगळे म्हणजे? दोनच तर आहेत."

घड्याळजी हसले. "दोन? अहो, इथं ढीग पडलाय."

"आणि त्या ढिगाचं काय करणार?"

"करायचं काय? शेजारची मांजर येते, तिला घालतो. आवडीनं खाते."

"मांजर."

"हो. आता मीठ-लिंबू चोळून ठेवतो जरा वेळ."

मुख्याध्यापकांच्या पत्नी पितळेची भांडी लिंबू-मिठाने घासत असत. त्यामुळे या एका वाक्याने त्यांना थोडासा दिलासा मिळाला. "मीठ-लिंबू ठीक आहे. पण बेताने."

"बेतानेच. मग आलं, लसूण, मिरी ठेचून आत भरतो."

"आत?"

"आतच. बाहेर लावलं तर वाहून जातं ना. खाली पाणी उकळतंय, वाफेवर ठेवतो."

"वाफेवर? अहो, लाकडाचं काय?"

"लाकूड कुठलं आता, दादा? गॅसवर करतोय." घड्याळजींना थोरल्या मेहुण्यांच्या जुन्या वळणाची गंमत वाटली. "बरं, एक विचारायचं होतं. डोकं ठेवू की उडवू?"

"डोक्याला हात लावाल तर याद राखा. सासूबाईंची तेवढीच आठवण आहे ती."

घड्याळजी सद्गदित झाले. मेहुण्यांच्या सासूबाई माशाच्या डोक्यासाठी इतका जीव टाकीत असतील, हे त्यांना आजवर ठाऊक नव्हते. "ठेवतो. त्यांच्या नावानं ठेवतो. पण खाली लोंबतीये ती शेपटी मात्र कापावी लागेल. भांड्यात मावत नाही."

"काही कापू नका. जसं आहे तसं राहू द्या. मी येतोय."

"या की. जेवायलाच या," घड्याळजी म्हणाले आणि त्यांनी शेपटी कापली.

मुख्याध्यापक पायांत दोन निरनिराळ्या चपला घालून निघाले. घड्याळजींच्या इमारतीच्या जिन्यात त्यांची गाठ कामावरून परतणाऱ्या बाईंशी पडली.

"बाई, तुमच्या यजमानांची तब्येत बरी आहे ना?"

"का हो सर?"

"नाही, म्हणजे ते मला दादा म्हणाले. आणि माझं घड्याळ वाफवतायत. आत लसूण भरून."

बाई जागीच थांबल्या. नळीतील ती साय त्यांच्या डोळ्यांसमोर आली. चरबीने मेंदूची रक्तवाहिनी तुंबली की माणूस असंबद्ध बोलतो, हे त्यांनी रुग्णालयात पुष्कळदा पाहिलेले होते. उरलेला जिना त्या धावत चढल्या आणि मुख्याध्यापक कठड्यास धरून मागोमाग गेले.

दार उघडेच होते. घड्याळजी डोळ्यात भिंग अडकवून गॅसपाशी उभे होते आणि भांड्याकडे एकाग्रतेने पाहत होते. बाई हलक्या पावलांनी पुढे झाल्या.

"अहो, जरा माझ्याकडे बघा. मी कोण?"

इतक्या मऊ आवाजात बाई घड्याळजींशी अनेक वर्षांत बोललेल्या नव्हत्या. ते गोंधळले. "तू... तू लवकर आलीस."

"दोन्ही हात वर करा बरं."

घड्याळजींनी हात वर केले. एका हातात चिमटा होता. "शपथेवर सांगतो, तेल चमचाभरच घातलंय."

"आता हसून दाखवा."

पतीचा ओठ एका बाजूस ओघळतो का, हे त्यांना पाहावयाचे होते. घड्याळजी हसले. ते हसू भीतीचे असल्याने दोन्ही बाजूंना सारखेच ओघळले. इकडे मुख्याध्यापकांची नजर टेबलावरील कागदाकडे गेली. क्रमवार मांडलेल्या त्या बारीक पांढऱ्या वस्तू त्यांना घड्याळाचेच भाग वाटल्या.

"घड्याळ कुठं आहे?"

"कुठलं, सर?"

"माझं. सासूबाईंचं."

"दुकानात आहे. भिंतीवर. काल रात्रीच तेलपाणी करून टांगलं, चालतंय की झकास. तुम्ही कसे काय आलात आज?"

"तुम्हीच तर बोलावलंत जेवायला."

"मी? मी दादांना बोलावलं."

"मग त्या भांड्यात काय आहे?" मुख्याध्यापकांनी उत्तराची वाट पाहिली नाही. त्यांनी स्वतः पुढे होऊन झाकण उचलले.

"अहो सर, राहू द्या, अजून पुष्कळ वेळ आहे," घड्याळजी कळवळले. मासा कच्चा राहू नये म्हणून त्यांनी तो भरपूर वेळ ठेवण्याचे योजिले होते. परंतु झाकण निघाले होते. आले, लसूण आणि लिंबाचा दरवळ स्वयंपाकघरात पसरला, आणि वाफेतून डोके शाबूत असलेला मासा वर पाहू लागला. मुख्याध्यापकांनी बराच वेळ त्याच्या डोळ्याला डोळा भिडविला. मग ते खुर्चीवर बसले आणि त्यांनी चष्मा पुसला.

बाईंनी सवयीने सुरीचे टोक माशात घातले. मांस पाकळी पाकळी सुटले.

"शिजलाय," त्या म्हणाल्या. "अजून ठेवला असता तर बुटाच्या तळव्यासारखा झाला असता. पेशंटचा तसाच करतात."

सर्वजण जेवावयास बसले. घड्याळजींनी स्वतःचे ताट वाढून घेतले, परंतु घास घेतला नाही. ते केवळ बाईंच्या जबड्याकडे पाहत होते. बाईंनी पहिला घास सवयीप्रमाणे जिभेने चाचपला, काटा सापडला नाही. दुसरा चाचपला, तोही निर्धोक निघाला. तिसऱ्या घासापासून त्यांनी चाचपणे सोडले, आणि घड्याळजींना ठाऊक असलेल्या पद्धतीने, म्हणजे डोळे अर्धवट मिटून, त्या खाऊ लागल्या. मुख्याध्यापक माशाचे डोके चोखीत होते.

ताट पुसून बाईंनी हात धुतले.

"मासा राहू दे घरात."

घड्याळजींचा जीव भांड्यात पडला. आनंदाच्या भरात ते एक पाऊल अधिक पुढे गेले. "मग अधूनमधून एखादी तुकडी तळलीस तर..."

"तळायची नाही. आणि मी करायचीही नाही. असे काटे काढायला मला कधी जमायचं? दर रविवारी तुम्हीच करत जा."

एवढे बोलून त्यांनी काटे मांडलेल्या पानाखालची वर्तमानपत्राची कोरडी पाने ओढून घेतली, बाल्कनीतील खुर्चीवर जाऊन बसल्या आणि पाय समोरच्या स्टुलावर ठेवले. रविवारी त्या खुर्चीवर आजवर घड्याळजी बसत आले होते.

मुख्याध्यापक निघावयास उठले. दारात थांबून ते म्हणाले, "घड्याळाची तशी काही घाई नाही. आणखी थोडे दिवस चालवून बघा. मी पुढच्या रविवारी याच वेळेला चक्कर टाकतो."

"सर," बाल्कनीतून आवाज आला, "येताना लिंबं आणा."

घड्याळजींनी डोळ्यातील भिंग काढून टेबलावर ठेवले, बाह्या वर केल्या आणि भांडी घासावयास घेतली.