बुडबुड्याचा फोटो

"आजपासून या पृथ्वीतलावर रोगाला लपायला जागा उरली नाही!" प्रयोगशाळेचे प्रमुख, म्हणजे सर, हात उंचावून म्हणाले. टाळ्या झाल्या. मग रोग हुडकून काढणारं यंत्र कुठे लपलंय, याचा शोध सुरू झाला. ते होतं स्टेपलरएवढं, आणि कुणा टापटिपीच्या माणसानं ते स्टेपलरांच्याच खणात ठेवलं होतं.

ते सापडेपर्यंत पाऊण तास गेला आणि तंत्रज्ञबाईंचं डोकं तापलं. कारणही तसंच होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या वॉर्डात त्यांचे सासरे अठरा दिवस तापानं फणफणत होते. जंतू वाढवून बघायच्या सगळ्या तपासण्या कोऱ्या आल्या होत्या. "संध्याकाळपर्यंत जंतूचं नाव द्या, नाहीतर उद्या पोट उघडून बघतो," असं सर्जन म्हणाला होता, आणि त्याच्या स्वरात नको इतका उत्साह होता.

यंत्राचं काम सुईत दोरा ओवण्यासारखं. चिपवरच्या पातळ पडद्याला डोळ्यांना न दिसणारी भोकं असतात. रक्ताच्या नमुन्यातल्या डीएनएचा एकेक रेणू त्यातून सरकतो, सरकताना विजेचा प्रवाह हलतो, आणि त्या हलण्यावरून यंत्र तो रेणू अक्षर-अक्षर वाचतं. अट एकच. नमुना सोडताना हवेचा बुडबुडा आत जाता कामा नये. गेला, की भोकं मेलीच.

"बाई, जरा सरका," सर म्हणाले. "वार्षिक अहवालाला फोटो हवाय. नमुना मी घालतो."

"सर, तुम्ही पिपेट शेवटची कधी धरली होती?"

"पोहायला कुणी विसरतं का?"

"सर, इकडे बघा," फोटोग्राफर म्हणाला. "हनुवटी वर. थोडं हसा. अजून थोडं..."

सर हसले आणि अंगठा सैल सुटला. एक टपोरा बुडबुडा आत गेला. संगणकाच्या पडद्यावर चालू भोकं दाखवणारे हिरवे चौकोन पटापट काळे पडले.

"छान आला!" फोटोग्राफर म्हणाला.

"बाहेर व्हा! दोघंही!" बाई कडाडल्या.

"बाई, मी तुमचा वरिष्ठ आहे."

"मग वरिष्ठासारखे आधी बाहेर व्हा!"

आता एकच चिप उरली होती आणि सासऱ्यांच्या रक्ताचा नमुना अर्धा. बाईंनी श्वास रोखून तो स्वतः सोडला. दोन तासांनी पडद्यावर उत्तर आलं. बहुतेक रेणू माणसाचे, ते अपेक्षितच होतं. उरलेले एका जंतूचे. त्याचं नाव ओळभर लांब, आणि मुक्काम कुत्र्याच्या तोंडात.

बाईंच्या घरात कुत्रा सोडाच, कुत्र्याचं चित्रही नव्हतं. हा कायदा त्यांचाच होता. म्हणजे ही घाण सरांच्या बाहीवरून आली! बाई थेट केबिनमध्ये शिरल्या.

"तुमच्या कुत्र्याची लाळ माझ्या सासऱ्यांच्या नमुन्यात आली कशी?"

"माझ्याकडे कुत्रा नाही हो."

"खोटं बोलू नका!"

"बाई, माझ्या घरात मलाच जेमतेम राहू देतात."

फोटोग्राफरची उलटतपासणी झाली. त्याच्याकडे मासे होते. बाईंचा राग एकदम बेवारस झाला. तो तसाच घेऊन त्या तिसऱ्या मजल्यावर गेल्या.

"बाबा, खरं सांगा. कुत्रा?"

म्हाताऱ्यानं चादर हनुवटीपर्यंत ओढली. "कुठला?"

"म्हणजे बरेच आहेत?"

"एकच गं. मागच्या जिन्याखाली असतो. मी पायरीवर बसलो की टाच चाटतो. भेगा पडल्यात ना, बरं वाटतं."

"रोज?"

"तू कामावर गेलीस की."

सर्जन मागेच उभा होता. त्यानं टाचेच्या भेगा पाहिल्या, कागदावरचं लांबलचक नाव वाचलं, उद्याचं ऑपरेशन खोडलं आणि त्या जागी इंजेक्शनं लिहिली. त्याचा चेहरा पार उतरला होता.

"बारा वर्षं!" बाईंचा आवाज चढला. "बारा वर्षं मी घसा कोरडा करून सांगतेय, घरात जनावर नको!"

"घरात कुठे आणलाय? जिन्याखाली आहे."

"तुमच्यापायी मी आज दिसेल त्याला कुत्र्यावरून झापलं!"

"ते मात्र चुकलंच तुझं."

बाईंनी फुफ्फुसं भरून हवा आत घेतली. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटनं कानांवर उशी घेतली.

"सूनबाई," म्हातारा हळूच म्हणाला, "ओरडून झालं, की घरी जाताना त्याला दोन बिस्किटं टाकशील? पाण्यात भिजवून टाक हं. त्याला दात नाहीत."