कुकर बघून दंड सांगणारे बाळारामदादा

कुणाचे दंड किती वाढतील, हे बाळारामदादा त्याच्या घरातला कुकर बघून सांगत. त्या माणसाकडे ते बघतच नसत. थेट स्वयंपाकघरात जायचे, ओट्यावरचा कुकर उचलायचे, "तीन लिटर. जेवनारी डोकी किती?" असं विचारायचे, क्षणभर डोळे मिटायचे आणि जाहीर करायचे, "चवदा इंच. त्येच्यावर नाय जानार." आणि खरोखरच तो इसम पुढे कितीही घाम गाळो, टेप चौदाला येऊन थांबायची. हे मी माझ्या डोळ्यांनी चार जणांच्या बाबतीत पाहिलेलं आहे.

बाळाराम म्हात्रे अंबरनाथजवळच्या गावातले. घरची भातशेती, त्यातली निम्मी कारखान्यांखाली गेली आणि तशाच एका कारखान्यात दादा फिटर म्हणून चिकटले. पहिली पाळी करून आले की घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये व्यायामशाळा चालवायचे. फी नव्हती. शेडमधला बार म्हणजे मोडीत निघालेला शाफ्ट. त्याच्या एका टोकाला कुठल्यातरी यंत्राचं दातेरी चाक आणि दुसऱ्या टोकाला पाइपाची जाड चकती. ही सगळी रत्नं उल्हासनगरच्या दोन नंबर कॅम्पातल्या भंगारवाल्याकडून आलेली. बघणाऱ्याला बार एका बाजूला कलंडणार असं वाटे, पण दादांनी प्रत्येक तुकडा काट्यावर तोलून घेतलेला असल्यामुळे तो कधी तसूभरही कलला नाही.

ते स्वतः किती उचलत, हे सांगितलं तर मी थापा मारतो असं तुम्ही म्हणाल. तरी सांगतोच. एकदा शेडमध्ये येणाऱ्या आमच्यातल्या एका मुलाच्या घरी जायला निघाले असताना त्याच्या इमारतीखाली त्यांना गॅसच्या सिलिंडरची गाडी दिसली. गाडीवाला जिना बघून कुरकुरत होता. दादांनी एका हाताला एक, दुसऱ्या हाताला एक असे दोन भरलेले सिलिंडर घेतले, तीन मजले चढले, दारात उभे राहिले आणि धाप न लागता म्हणाले, "वैनी, पोरगा रोज किती चपात्या खातो?" त्या बाईंनी घाबरून खरा आकडा सांगून टाकला.

आता कुकरचं प्रकरण. शेडच्या मधोमध गोणपाटाचा पडदा होता. पडद्याबाहेर ताकद, पडद्याआड साईज. नवा माणूस बाहेरच राहायचा. बार खांद्यावर घेऊन बैठक, बार जमिनीवरून उचलणं, डोक्यावर नेणं, आणि लोंबकळून वर चढणं. दर खेपेला पाच वेळा, दर आठवड्याला थोडं वजन जास्त. बस्स. आरसा नाही. "ताकद लोखंडाला कलते," दादा म्हणायचे, "साईज शेजाऱ्याला कलते. पैल्यांदा लोखंडाला कलू दे."

पडद्याआड मात्र आरसा होता. तिथे वजन थोडं हलकं, पण दहा-बारा वेळा, सावकाश, छाती वेगळी, पाठ वेगळी, दंड वेगळे. आत गेलेली मुलं दोन-तीन महिन्यांत शर्टाची वरची बटणं उघडी टाकून हिंडू लागत. पण आत जाण्याआधी एक विधी होता. मुलाचा पाया पक्का झाला की दादा स्वतः त्याच्या घरी जायचे आणि आईला, लग्न झालेला असेल तर बायकोला, अगदी मुलगी मागायला आल्यासारखे पाय जवळ घेऊन विचारायचे, "आता ह्येला भूक लागंल. घरात झेपंल का?" त्यांचं म्हणणं असं, की ताकद घरच्या रोजच्या जेवणावर येते, साईजला वरचं जेवण लागतं. "साईज शेडमंदी होत नाय. ती चुलीवर होते. हितं आपुन निस्ता अर्ज करतो."

आमच्यात कॅम्पातला घनश्याम म्हणून एक सिंधी मुलगा होता. बार खांद्यावर घेतला की त्याचे पाय शिवणयंत्रासारखे हलायचे. तरी तीन महिन्यांतच दादा त्याच्या घरी गेले. त्याच्या आईने दाल पकवान वाढलं, मग कढीभात, मग पुन्हा पकवान. दादा उठायला लागले की "मास्टरजी, आपने तो कुछ खाया ही नहीं" असं म्हणून ती पुन्हा वाढायची. दादांनी कुकर बघायला मागितला, तर त्या घरात तीन कुकर निघाले. "सोळा इंच!" दादा भारावून म्हणाले. दुसऱ्या दिवशी घनश्याम पडद्याआड होता आणि दादा पोट धरून कामावर खाडा करून घरी होते.

मी जळून गेलो. मी घनश्यामच्या आधी वर्षभर आलेलो. माझी बैठक बघायला बाहेरची मुलं थांबत. पण विचारलं की दादा माझ्या गुडघ्यांकडे बघून म्हणायचे, "पाया कच्चा हाय." दीड वर्ष हेच. मी खांद्यावर शंभर किलो घेतले तरी, "कच्चा हाय." मी एका पायावर उभा राहून दात घासू लागलो. आई चहाला बोलावतेय अशी थाप मारून पाहिली. दादा म्हणाले, "सांग वैनींना, येनार. पाया होऊ दे."

त्याच दीड वर्षाच्या सुरुवातीला बाबांची कंपनी बंद पडली होती. आई आजूबाजूच्या बायकांच्या साड्यांना फॉल लावून द्यायची. आम्ही घरात पाच माणसं. पण अठराव्या वर्षी मला यातलं काही दिसत नव्हतं, मला फक्त गोणपाटाचा पडदा दिसायचा.

पुढे बाबा आनंदनगरच्या एका कारखान्यात लागले. दोन महिने गेले आणि एक दिवस मी बैठक मारून बार ठेवतोय तोच दादा म्हणाले, "झाला पाया. चल आत." त्या दिवशीची बैठक माझ्या आयुष्यातली सर्वोत्तम होती, याबद्दल माझी खात्री होती. घरी येऊन विचारायचं दादा विसरले असावेत, असं मी समजलो.

पुढची सात-आठ वर्षं ही कथा मी मिळेल त्या माणसाला ऐकवली. लग्न झाल्यावर एकदा बायकोलाही ऐकवत होतो, की कसं दीड वर्ष मला नापास केलं आणि कसा मी शेवटी निव्वळ पायांच्या जोरावर आत गेलो. आई भाजी निवडत होती. ती सहज म्हणाली, "अरे, ते आले होते की आपल्याकडे. तू कॉलेजला गेला होतास."

"कधी?"

"तुझ्या बाबांची कंपनी बंद पडली, त्याच महिन्यात. म्हणाले, पोराचा पाया एक नंबर झालाय. कुकर उचलून बघितला आणि गप्प ठेवून दिला. मी म्हटलं, भाऊ, घ्या त्याला आत, मी करीन काहीतरी. तर म्हणाले, 'तुमी करालच वैनी, म्हनून तर नको.' आणि तुला सांगू नका म्हणून मला शपथ घातली."

ज्या कच्च्या पायाचा मी दीड वर्ष राग धरला, तो कधी कच्चा नव्हताच. घरात दूध पुरत नाही, हे मला कळून खाली मान घालावी लागू नये, म्हणून त्या माणसाने माझ्या गुडघ्यांना नावं ठेवली होती.

पुढच्याच रविवारी मी दादांच्या गावात गेलो. दादा ओटीवर एकटेच बसले होते. लग्न केलेलं नव्हतं, भाऊ बदलापूरला वेगळा राहत होता. मी आल्या आल्या भांडलोच. म्हटलं, "दादा, मला सांगायचं होतंत. आईने मनावर घेतलं असतं तर केलं असतं काहीतरी."

"केलाच असता," दादा म्हणाले. "माजे आयनी पन केला व्हता."

दादा अंगणाकडे बघत बोलत राहिले.

"मी तुज्या तवाच्याच वयाचा व्हतो. कल्यानला तालमीत जायाचो. उस्ताद बोलला, ताकद झाली, आता खा. मी घरी येऊन बोललो, आय, वाढ. तिनी वाढला. रोज वाढला. वरसात मी सोळा इंच झालो, सारा गाव बघाया यायचा. आयला लय आनंद. दुसऱ्या वरसाला ती खाटेला लागली. डाक्टर बोलला, हिच्या अंगात रगतच नाय, ही जेवते का नाय?"

दादांनी माझ्याकडे बघितलं. एवढ्या थोर माणसाचा चेहरा इतका लहान झालेला मी कधी पाहिला नव्हता.

"मना सांगताच येयना रं. ती कवा जेवते, मी कवा बगितलाच नाय."