जाहिरातींचा पाहुणचार

त्या दिवशी वारा साफ पडला होता. खिडकीबाहेरच्या दोरीवरचा टॉवेल सकाळपासून एकदाही हलला नव्हता, आणि उकाडा असा की कुपीतलं तेलसुद्धा घाम फुटल्यासारखं बाहेर पाझरत होतं. अशा दिवशी माणसानं गप्प पडून राहावं. मी मात्र पुढच्या खोलीत एका शिलाई मशीनचं पोट उघडून बसलो होतो. तेवढ्यात आमची ही वाऱ्याच्या शोधात एकेक खिडकी उघडत तिथे आली. खिडकीपर्यंत पोचायला तिला माझं टेबल, टेबलाखालची दोन मशिनं, शेजारची तीन मशिनं आणि मी, एवढं ओलांडावं लागलं. ओलांडताना तिचा पाय बॉबिनींच्या डब्यात पडला.

दीडशे बॉबिनी घरभर धावल्या. एक तर दारातून सटकून जिन्यावरून खाली गेली. तिचा आवाज बराच वेळ येत राहिला.

"अहो," ती म्हणाली. ती नुसतं 'अहो' म्हणून थांबली, की मी हातातलं काम खाली ठेवतो. (एवढं संसारात शिकलो. शाळेत चौथीपर्यंतच गेलोय.)

"या टेबलावर शेवटचं गिऱ्हाईक कधी आलं होतं?"

मी आठवू लागलो. मी सावकाश आठवतो.

"आठवू नका. एक महिना देते. महिन्याभरात या टेबलानं घरात काही कमाई आणली तर राहील. नाहीतर ते जाईल आणि इथे सोफा येईल. आल्यागेल्याला किती दिवस मशीनवर बसवायचं? परवा तो विम्याचा माणूस सुईवर बसला. पॉलिसी न देताच पळाला बिचारा."

पण त्या टेबलावर मी अडतीस वर्षं लोकांची शिलाई मशिनं दुरुस्त केलीत. सकाळी उठलो की मला जाग यायच्या आधी माझे हात टेबलाकडे निघालेले असतात. टेबल गेलं तर त्यांनी कुठे जावं?

हे मी जावयांना सांगितलं. आमचे जावई कॉम्प्युटरवर काहीतरी करतात. काय, ते आम्ही लग्नाच्या वेळी विचारलं होतं आणि त्यांनी समजावूनही सांगितलं होतं.

"सोपं आहे, बाबा," ते म्हणाले. "एकच बारीकसा विषय घ्यायचा आणि त्यावर ब्लॉग लिहायचा. लोक वाचायला येतात, पानावर जाहिराती लागतात, जाहिरातींचे पैसे आपल्याला. वेबसाइट बनवत बसायलाही नको, तयार टेम्प्लेट मिळतं. डिझाइन त्यांचं, मजकूर आपला."

मला लगेच कळलं. शिवणाऱ्यांकडे कागदाचं तयार कटिंग असतं ना, तसंच. कुणा हुशार माणसानं कापून ठेवलेलं असतं, आपण त्यावर कापड ठेवून कात्री चालवायची. (ते कटिंग कुणाच्या मापाचं आहे, हे आधी विचारायचं असतं. मी विचारलं नाही.)

जावयांनी चाळीस टेम्प्लेटांचा गठ्ठा स्वस्तात घेतला होता. एकोणचाळिसांवर त्यांचे स्वतःचे ब्लॉग चालू होते. एक टकलावर, एक घोरण्यावर, एक मत्स्यपेटीवर. (चालू म्हणजे उघडे होते. आत कुणी येत नव्हतं.) चाळिसावं त्यांनी मला दिलं. ते तान्ह्या बाळांच्या आयांसाठी केलेलं होतं.

पान गुलाबी. कोपऱ्यात दुधाची बाटली. वर मोठ्या अक्षरात 'आमच्या छकुल्याची काळजी'. जावयांनी तासभर खटपट करून 'छकुल्याची' काढून तिथे 'शिलाई मशीनची' घातलं. बाटली काही निघेना.

"राहू द्या," मी म्हटलं, "तेलाची समजतील."

पण खाली चार चौकटी होत्या, त्याही निघेनात. झोप, खाऊ, रडणं आणि पहिलं पाऊल. जावयांचा चेहरा पडला. मी म्हटलं, अहो, दिलेल्या मापात बसवणं हा तर आपला धंदा. आणि मी एका बोटानं लिहायला बसलो. 'झोप'मध्ये लिहिलं, मशीन वापरात नसेल तेव्हा त्याच्यावर काय पांघरावं. 'खाऊ'मध्ये लिहिलं, तेल कुठल्या भोकात किती थेंब, आणि खोबरेल का घालू नये. 'पहिलं पाऊल'मध्ये नवशिक्यानं पायदानावर पाय कसा ठेवावा ते आलं. आणि 'रडणं' तर इतकं जमलं म्हणता! मशीन कुरकुरतं, करकरतं, कण्हतं की किंचाळतं, प्रत्येक आवाजाचं कारण निराळं. अडतीस वर्षं ऐकलेलं सगळं मी त्या चौकटीत ओतलं. हातचं काही राखलं नाही.

एका आठवड्यात पानावर जाहिराती लागल्या. पहिली लंगोटांची.

आता यात माझं चुकलं कुठे, ते तुम्हीच सांगा. लोक आपल्या ओट्यावर येऊन बसतात आणि वर त्याचे पैसे देतात. त्यांच्याकडे न बघता आपण पुढे जायचं? हे काही माणुसकीला धरून नाही. म्हणून मी रोज सकाळी आंघोळ करून, चष्मा पुसून, आलेली प्रत्येक जाहिरात दाबायचो आणि शेवटपर्यंत वाचायचो. लंगोट वाचले. दुधाची पावडर वाचली. दात येताना चावायचं रबरी कासव तर दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा नीट लक्ष दिलं नव्हतं.

एकट्यानं किती पाहुणे सांभाळणार? मी वरच्या मजल्यावरच्या पोस्टमास्तरांना विनंती केली. ते निवृत्त झाल्यापासून कामाच्या शोधातच होते. रोज दहाच्या ठोक्याला यायचे, दहा जाहिराती दाबायचे आणि वहीत खूण करायचे. हळूहळू अख्खी इमारत येऊ लागली. खालच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या बाई माझ्या जुन्या गिऱ्हाईक, पण त्या जाहिरातींना हात लावत नसत. नुसत्या लेख वाचत बसायच्या. (मला जरा वाईट वाटायचं.)

मग सोफे सुरू झाले. लंगोट मागे पडले आणि सोफेच सोफे. लाल, निळे, कोपऱ्यात बसणारे, रात्री उघडून पलंग होणारे. मला नवल वाटलं. जावई नंतर म्हणाले की ज्या मोबाइलवर जे बघितलं जातं, त्याच्याच जाहिराती तिथे येतात. घरात मोबाइल एकच. दुपारी मी कलंडलो की आमची ही त्यावर काय बघत होती, ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

एका सोफावाल्यांनी तर फारच आपुलकीनं विचारलं होतं, 'आपल्या खोलीचं माप घ्यायला आमचा माणूस पाठवू का?' खाली दोन बटणं. एक मोठं हिरवं, 'हो'. दुसरं बारीक, राखाडी, 'नको, मला अवघडून बसायला आवडतं'. मला खरोखरच अवघडून बसायला आवडतं, पण परक्या माणसाला तोंडावर असं कसं सांगायचं? मी 'हो' दाबलं. पत्ता विचारला, तोही दिला.

तिसऱ्या दिवशी दारात एक हसतमुख माणूस, हातात टेप.

"काकांनी बोलावलंय," तो म्हणाला. "पुढच्या खोलीतल्या सोफ्यासाठी."

दार उघडायला आमची ही गेली होती. तिनं माझ्याकडे बघितलं. मी बॉबिनीकडे बघितलं.

"तुम्ही बोलावलंत?"

"म्हणजे... त्यांनी विचारलं, मी नको कसं म्हणू?"

"आणि मला एका शब्दानं बोलला नाहीत!" तिचे डोळे एकदम भरून आले. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या मनातलं ओळखलंत हो!"

आता सांगा, यावर खरं कोण बोलेल? मी हसलो. ते हसू कसं होतं, ते मापवाल्यानं बघितलं असावं, कारण त्यानं मला बसायला खुर्ची दिली. माझ्याच घरात.

हिनं त्याला दोनदा चहा पाजला. "पैशांची काळजी करू नका," मला म्हणाली, "केव्हाचे साठवून ठेवलेत. तुमच्या होकारासाठीच अडलं होतं." संध्याकाळपर्यंत इमारतभर बातमी गेली. पोस्टमास्तर पेढे मागायला आले आणि आल्यासरशी दहा जाहिराती दाबून गेले.

"टेबलाचं काय मग?" मी हळूच विचारलं.

"महिना संपायला आठ दिवस आहेत. मी शब्दाची पक्की आहे. कमाई आली तर टेबल राहील, सोफा त्या भिंतीला लावू."

म्हणजे सगळी मदार त्या गुलाबी पानावर. मी जावयांना बोलावून घेतलं. त्यांनी कॉम्प्युटर उघडला, बघितलं, चष्मा काढला, पुन्हा बघितलं.

"बाबा, खातं बंद केलंय त्यांनी. कमाई सगळी रद्द. म्हणतात, इथे खोट्या टिचक्या पडतात." मग जरा दबकत, "तुम्ही... स्वतः तर जाहिराती दाबत नाही ना?"

"रोज! आंघोळ करून."

"किती?"

"आलेल्या सगळ्या. कुणाला नाराज केलं नाही."

"आणखी कोण दाबतं?"

"तुमच्या सासूबाई आणि खालच्या बाई सोडून सगळी इमारत. पोस्टमास्तरांकडे नोंद आहे, बघायची असेल तर."

जावयांनी डोकं धरलं. "अहो बाबा, आपल्याच जाहिराती आपणच दाबायच्या नसतात! ती चोरी समजतात!"

"चोरी?" मी म्हणालो. "मी तर नुसती विचारपूस करत होतो हो!"

महिना संपला आणि सोफा आला. मोठा, निळा, अंगानं भरलेला. मापवाल्यानं खोलीचं माप बरोबर घेतलं होतं, फक्त टेबल धरलं नव्हतं. टेबल उचलून दाराबाहेर जिन्यापाशी ठेवलं गेलं. मीही त्याच्यामागून बाहेर गेलो. हिला वाईट वाटलं असणार, कारण थोड्या वेळानं ती माझ्यासाठी उशी घेऊन आली.

"इतकं तोंड पाडू नका," ती म्हणाली. "अजून चार दिवस देते. एक गिऱ्हाईक येऊ दे, एकच, मी स्वतः टेबल आत घेईन आणि सोफा तिरका लावीन. नाहीच आलं, तर मात्र टेबल कुणाला तरी देऊन टाकू. जिना अडतो."

मी टेबल पुसलं, तेल भरलं, स्क्रू ड्रायव्हर उंचीप्रमाणे लावले आणि उशीवर बसून राहिलो. एक दिवस गेला. दोन गेले. तीन गेले. लोक जिन्यानं जायचे, "बाहेर वारा छान लागत असेल नाही?" विचारायचे आणि पुढे व्हायचे. मला घाई नव्हती. दोऱ्याचा गुंता सोडवताना ओढाओढ केली की गाठ बसते, हे मला ठाऊक आहे.

चौथ्या दिवशी सकाळी खालून पावलं वाजली. शिवणवाल्या बाई! धापा टाकत येत होत्या. एका हातात तेलाची कुपी, दुसऱ्या हातात स्क्रू ड्रायव्हर, कमरेला फडकं खोचलेलं. माझं काळीज सुईसारखं वरखाली होऊ लागलं.

"अगं ए!" मी आत हाक मारली. "बाहेर ये! गिऱ्हाईक आलं!"

ही लगबगीनं दारात आली. सोफा सरकवायच्या तयारीनं तिनं पदरही खोचला होता.

"या बाई, या," मी म्हणालो. "काय बिघडलंय तुमच्या मशीनचं? करकरतंय की कण्हतंय?"

"माझं कुठलं, काका! माझं तर मीच ठीक केलं, तुमचं 'रडणं' वाचून. मग बहिणीचं केलं, मग समोरच्या गल्लीतली पाच केली. आता पोस्टमास्तरांच्या सूनबाईंनी बोलावलंय. काय फोड करून लिहिलंय हो तुम्ही, आता कुणालाच तुम्हाला त्रास द्यावा लागत नाही! फक्त घरात जागा पुरेना झालीय बघा. तुम्ही हे टेबल काढताय म्हणे... मला द्याल?"