बंद संघाचा मग

चालू गोष्टीवर प्रेम करणे कष्टाचे असते. बंद पडलेल्या गोष्टीवर कोणीही करू शकतो. समाजाची ही गरज शाहूपुरीतल्या सोमशेखर यांनी २००४ साली ओळखली. काचसामानाच्या दुकानात त्यांनी मगावर चित्र छापायचे यंत्र आणले. तोवर गावात मग ही मोरीतली वस्तू होती. सोमशेखर यांनी तिला दिवाणखान्यात बसवले.

पहिली मालिका राष्ट्रीय स्थळांची निघाली. ताजमहाल, लाल किल्ला, कुतुबमिनार. (कुतुबमिनार चुकून उलट्या बाजूला छापला गेल्याने चहा पिताना तो फक्त डावखुऱ्यांना दिसे. राष्ट्राने ही त्रुटी मोठ्या मनाने सोडून दिली.)

दुसरी मालिका बंद पडलेल्या संघांची. अट एकच होती : संघ बंद पडून किमान दहा वर्षे झालेली हवीत. चालू संघ रविवारी हरतो आणि सोमवारी मग परत येतात. बंद संघ कधीच हरत नाही.

यात सर्वात खपला तो 'मर्दानी स्पोर्टिंग' या फुटबॉल संघाचा मग. अकरा माणसे जमेनात म्हणून हा संघ १९८७ साली बंद पडला. शेवटच्या सामन्याला एकेचाळीस प्रेक्षक होते. (पैकी आठ जण झाडाच्या सावलीला उभे होते, सामना मध्ये आला.) मग खपले सहाशे चाळीस, आणि घेणाऱ्यांतल्या निदान सहाशे जणांनी तो शेवटचा सामना प्रत्यक्ष पाहिलेला होता. हे त्यांनी स्वतःच सांगितल्यामुळे शंकेला जागा नाही. आम्हीही दोन मग घेतले.

दीक्षा नावाच्या शिक्षिकेला हा मग हेडमास्तरांच्या टेबलावर, पेनांनी भरलेला दिसला. त्यावरच्या संघाच्या फोटोत तिचे वडील होते. जयसिंगराव, मर्दानीचे गोलकीपर, एसटीच्या वर्कशॉपातून निवृत्त. संध्याकाळी ती त्यांना घेऊन दुकानात गेली.

"ह्यो मधला मी हाय," जयसिंगराव म्हणाले.

सोमशेखर यांनी मगाकडे पाहिले, मग माणसाकडे. "पावणं, ह्यातली माणसं गेल्याली हाईत."

"कोण म्हणालं?"

"मगावर लिवलंय की. पावन स्मृतीस."

"बाबा रोज सकाळी सातला मैदानावर असतात," दीक्षा म्हणाली. "बावीस पोरंपोरी हाईत त्यांच्याकडं खेळायला. वाचायला वेळ मिळाला नसंल."

सोमशेखर यांनी खुर्ची पुढे केली आणि चहा सांगितला. तो कपबशीतून आला.

जयसिंगराव तक्रार करायला आलेच नव्हते. मर्दानीच्या जुन्या मैदानावर त्याचा मालक असलेला ट्रस्ट मंगल कार्यालय बांधणार होता. ट्रस्टचे सेक्रेटरी म्हणाले होते, रविवारी दहा वाजता शंभर मोठी माणसे मैदानावर येऊन सही करतील, तर बांधकाम थांबवू. जयसिंगरावांकडे बावीस सह्या होत्या, पण त्या सगळ्या चौदा वर्षांखालच्या.

"तुमच्याकडं सहाशे चाळीस माणसं हाईत. मला शंभरच पायजेत."

सोमशेखर मनाने चांगला माणूस. त्यांनी प्रत्येक गिऱ्हाइकाला स्वतः फोन केला. पाचशेवर लोक "येतोच" म्हणाले. दोघे फोनवरच रडले. एकाने गोलकीपर जिवंत असल्याबद्दल थोडी नाराजी दाखवली. त्याने मग देवघराशेजारी ठेवला होता.

रविवारी जयसिंगराव इस्त्रीचा शर्ट घालून साडेआठलाच गेले. दीक्षाने शंभर आकडे घालून कागद आखून आणला होता. सेक्रेटरी सव्वाअकरापर्यंत थांबले, हेही नोंदवायला हवे. सह्या झाल्या सात. त्यात जयसिंगराव, दीक्षा आणि सोमशेखर धरलेले आहेत. आठवा माणूस आला होता, पण तो ताजमहालचा मग बदलून मिळेल का, हे विचारायला.

न येण्याची कारणे सबळ होती. टीव्हीवर क्रिकेट होते. लग्नाची तिथी होती. बरेच जण मैदान कुठे आहे हे विसरले होते. आमच्याकडे इचलकरंजीचे पाहुणे होते. मनाने मात्र आम्ही तिथेच होतो.

सोमशेखर यांनी सात सह्या पुन्हा एकदा मोजल्या. जयसिंगरावांनी कागदाची घडी करून खिशात घातली.

"मनाला लावून घिऊ नका, शेट. आमच्या टायमाला बी हेच झालतं. हळहळणारी माणसं लई व्हती. बघाय कोण न्हवतं."

मंगल कार्यालय झाले. छान झाले आहे. आमच्या पुतणीचे लग्न तिथेच लागले. जयसिंगराव पोरांना घेऊन गावाबाहेरच्या माळावर गेले. दोन बस बदलाव्या लागतात, म्हणून बाविसांतली नऊच उरली. सोमशेखर यांनी नको नको म्हणत 'मर्दानी मैदान' हा नवा मग काढला, तो आठवड्यात संपला. पहिले दोन त्यांनी जयसिंगरावांना नेऊन दिले. जयसिंगराव त्यातून आता मैदानावर पांढऱ्या फक्कीच्या रेघा ओढतात. मगाचा फुटबॉलला झालेला हा पहिला उपयोग.

हे वाचून तुम्हाला वाईट वाटले असेल. वाटणारच, तुम्ही चांगली माणसे आहात. माळावर दर रविवारी सकाळी सातला सामना असतो. 'या' असे म्हणत नाही. उद्या तो बंद पडला, की "मी तिथं होतो" असे सांगताना निदान वेळ चुकू नये, म्हणून कळवून ठेवले.