तेलाची बाजू घेणारे काशीद सर

शिरूर कासारात कुणी बोलता बोलता ‘आमचं त्यांचं तेल-पाण्याचं वैर’ म्हणालं, की काशीद सर असतील तिथून हात वर करतात. लग्नाच्या पंगतीत करतात, मयतीतही करतात. ‘‘वैर न्हाई बे, अडचण हाय!’’

सर रसायनशास्त्राचे निवृत्त मास्तर. पत्नी चार वर्षांपूर्वी वारल्या, मुलगा पुण्याला. घरी ऐकणारं कुणी नाही, म्हणून स्टँडसमोरच्या हॉटेलात बसतात आणि आमच्या ऊसतोड मजूर संघटनेच्या सभा मोडतात. स्पष्टच लिहितो, मी सरांवर जळतो. मी कर्णा लावून घसा फोडतो तेव्हा समोर नऊ माणसं, त्यातली दोन सावलीला आलेली. सर ग्लासात तेलाचा थेंब टाकतात आणि पन्नास जण माना वाकवून बघतात. माझ्या प्रश्नात जिवंत माणसं आहेत, यांच्या प्रश्नात गोडेतेल!

परवाच्या बाजारी तर कहर झाला. ऊसतोडीच्या टोळ्या चार दिवसांत निघणार होत्या. पोरांना फडावर न नेता गावातच ठेवता यावं म्हणून हंगामी वसतिगृहाची आमची मागणी. तिच्यावर पालकांच्या सह्या हव्या होत्या. टोळ्या गेल्यावर सही करायला उरतं कोण? पत्रकात मी ठणकावलं होतं : ‘मुकादम आणि मजूर म्हणजे तेल आणि पाणी, जन्मजात वैरी!’ सह्या झाल्या तीन. त्यातली एक माझ्या चुलत्याची.

तेवढ्यात समोर हशा पिकला. हॉटेलापुढं सर माझंच पत्रक नाचवत होते.

कर्णा तसाच घेऊन मी धावलो. ‘‘सर, माझी सभा कावून मोडता?’’

‘‘दुरुस्त करायलोय. मुकादमाला काय म्हणायचं ते म्हण, पर तेलाला बदनाम करू नको.’’

‘‘मिसळत नाही ना ते पाण्यात?’’

‘‘थेंब सोड. एकच कण धर, लई बारका. थंड पाण्यात शिरताना त्याची उलट जराशी ऊब सुटती. वैऱ्याला भेटून ऊब सुटती का बे? पर त्याला जागा द्यायची तर भवतालच्या पाण्याला हातात हात धरून कडं करावं लागतं. पाण्याची मोकळीक जाती. ती त्याला परवडत न्हाई.’’

‘‘सर, काय बी कळलं न्हाई,’’ चहावाला म्हणाला.

मग सर स्वतःच कण झाले. टोळीतल्या दहा जणांनी हात धरून त्यांच्याभोवती कडं केलं. ‘‘आता दुसरा कण. ये रे पत्रकवाल्या!’’ मी गेलो. गर्दी तिथं होती, काय करणार? माझ्याभोवती आणखी दहा जण.

‘‘सर, नाक खाजवायचंय!’’ कड्यातला एक जण ओरडला.

‘‘सोसा! पाण्याचं असंच हुतं.’’

सरांनी माझं मनगट धरून मला आपल्या कड्यात ओढलं, खांद्याला खांदा लावला. दोघांना मिळून चौदा जण पुरले. सहा सुटले.

‘‘बघा, आमी काय प्रेमानं चिकटलो न्हाई. तुमाला मोकळं व्हायचं हुतं, तुमी ढकललं. आता ज्याचे हात सुटले त्यानं ह्याच्या कागदावर सही करावी. मग बाकीच्यांना सोडतो.’’

वीसच्या वीस सह्या झाल्या. पोरांचं काम झालं, आणि माझा जळफळाट झाला. महिनाभर ओरडलो मी आणि सह्या मिळाल्या ह्यांच्या तेलाला!

बाजार उठला. माणसं पिशव्या उचलून पांगली. चहावाल्यानं एक बाक आत नेला. मी निघालो, तर मनगट सुटेना.

‘‘सर, पाणी गेलं की. आता कोण ढकलतंय?’’

सर रस्त्याकडे बघत राहिले. हात तसाच, घट्ट.

मी कर्णा खाली ठेवला. उरलेल्या बाकावर दोघं बसलो. दोन चहा सांगितले.

‘‘सर, ऊब किती सुटते म्हणालात?’’

‘‘जराशी,’’ सर म्हणाले. ‘‘लई न्हाई.’’